ढोल फ्रान्सला, दादा माळावर

हे आमच्याच घरातलं प्रकरण आहे. माझा भाचा, घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात, वय १६, गेल्या पावसाळ्यात गजी नृत्याच्या संघाबरोबर १९ दिवस फ्रान्सला जाऊन आला. त्या १९ दिवसांत घराचा आणि पोराचा संपर्क कसा राहिला, कुठं तुटला आणि कुणामुळं तुटला ते सगळं लिहून काढतेय, कारण आता आपल्या भागातनं पण पोरं बाहेर कार्यक्रमाला जायला लागलीत आणि आईबापाला तिकीट, व्हिसा, कपडे सगळं सांगणारे भेटतात पण फोनचं काय करायचं हे नीट कोण सांगत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

आधी घराचं सांगते. आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. दादाची, म्हणजे बारक्याच्या वडलांची (तो त्यांना आण्णा म्हणतो), मेंढरं आहेत, दिवसभर माळावर असतो, संध्याकाळी वाड्यावर येतो. घरी वैनी आणि आमची आई, म्हणजे बारक्याची आजी. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि बारक्या अकरावीसाठी माझ्याकडं असतो. ढोल घरातलाच. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत आधी वडील वाजवायचे, मग दादा, आता बारक्या. ज्यांनी गजी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मधे ढोल असतो, भोवतीनं पांढऱ्या कपड्यातली फेटेवाली माणसं हातात रंगीत रुमाल घेऊन गोल धरतात आणि सगळ्यांचे पाय ढोलाच्या चालीवर पडतात. ढोल एक घाव चुकला तर सगळा गोल चुकतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं त्यात ढोलावरच्या पोराचं मन ठिकाणावर असणं किती गरजेचं होतं ते यावरनं कळेल.

युरोपात जुलै-ऑगस्टमधे लोकनृत्यांचे महोत्सव असतात, देशोदेशीचे संघ येतात. या महोत्सवांची सीआयओएफएफ नावाची जी मोठी जागतिक संघटना आहे ती सुद्धा १९७० साली फ्रान्समधल्याच कन्फोलाँ नावाच्या गावात सुरू झाली. पद्धत साधारण अशी की राहणं-जेवण बोलावणारे बघतात आणि जाण्यायेण्याचा खर्च संघाचा. आमच्या संघात १६ जण होते, त्यात बारक्या धरून १८ वर्षांखालची तिघं. राहायला शाळांची वसतिगृहं, कारण सुट्टीत ती रिकामी असतात. तीन गावांत कार्यक्रम आणि मधला प्रवास बसनं.

कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही. अल्पवयीन म्हणून आईबाप दोघांचं संमतीपत्र लागतं, बोटांचे ठसे द्यायला पोराला घेऊन पुण्याला जावं लागलं, शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आणि प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोचा असावा लागतो. दादानं त्यासाठी दोन दिवस मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली. डब्याचं मात्र सांगते, वैनीनं घरचं तूप बांधलं होतं ते काढायला लागलं, कारण बाहेरच्या देशातनं युरोपात येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर आणता येत नाहीत. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी गेली.

आता फोन.

आम्ही घरात एवढंच ठरवलं होतं की रोज फोन करायचा. कुणी, कधी, कशासाठी, काहीच नाही. पहिल्या तीन दिवसांत त्याचा पार बोजवारा उडाला. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. ऐकायला काहीच वाटत नाही हो, साडेतीन तास. पण गणित मांडून बघा. वैनी स्वयंपाक उरकून रात्री आठला फोन करायची तेव्हा तिकडं साडेचार वाजलेले असायचे, म्हणजे फेटे बांधायची, मिरवणुकीला उभं राहायची वेळ. तिकडं जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळं कार्यक्रम रात्री नऊ-दहाला, आणि ते सगळं आटपून जेवून पोरगं अंथरुणावर पडणार साडेअकराला, तेव्हा इथं पहाटेचे तीन. म्हणजे त्याला बोलायला मोकळा वेळ मिळतो तेव्हा घर झोपलेलं आणि घराला सवड असते तेव्हा तो ढोल गळ्यात अडकवून उभा. तीन दिवस दोघं एकमेकांचे मिस्ड कॉल मोजत बसले. वैनी म्हणायची, "पोरगं इसारलं आमाला", आणि तिकडं बारक्या संघातल्या माणसांना सांगत होता की घरचे चिडल्यात वाटतं.

चौथ्या दिवशी मी कागद घेऊन बसले, दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी लिहिली आणि वेळ सापडली ती दादाच्या मेंढरांमुळं. दुपारी बारा-साडेबाराला मेंढरं लिंबाखाली बसवतात, ती दीड-दोन तास हलत नाहीत. इथले साडेबारा म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ, पोरं नाश्ता करून सरावाला जायच्या आधीची वेळ. फक्त लिंबाखाली रेंज नव्हती. दादानं दोनशे पावलांवरचं एक टेक शोधलं, तिथं उभं राहिलं की दोन काड्या येतात, आणि कुत्र्याला मेंढरांवर ठेवून तो रोज तिथं जाऊन उभा राहायला लागला. वैनी पण भाकरी घेऊन तिकडंच जायची, म्हणजे दोघं एकाच फोनवर. हे एवढं ठरलं आणि अर्ध्याहून जास्त त्रास तिथंच संपला. रोज दहा मिनिटं, साडेबाराला. त्याला जमलं नाही तर त्यानं एक आवाजी मेसेज टाकून ठेवायचा, तो रेंज आली की उतरतो. आजीनं ह्यात स्वतःचं एक घातलं, ती रोज सकाळी ओवीची एक ओळ म्हणून त्याला पाठवायला सांगायची, वैनी तिच्या तोंडापुढं फोन धरायची. त्याला उत्तर द्यायची गरज नसायची. माझ्या मते आमच्या सगळ्या संपर्कातली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती, कारण उठल्यावर पोराला घरचा आवाज मिळायचा आणि त्याच्याकडं मागणं काहीच नसायचं.

सिमकार्डावरनं एक वेगळंच लफडं झालं. बारक्यानं तिकडं गेल्यावर आपलं सिम काढून तिकडचं घातलं, ते बरोबरच केलं, आपला रोमिंगचा पॅक महाग पडत होता आणि व्हॉट्सॲप जुन्या नंबरावर चालू राहतं, फक्त नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणायचं. पण घरात शिकलेला तोच एक, त्यामुळं गॅसची टाकी, वैनीचं बँकेचं खातं, सगळ्याला नंबर बारक्याचा जोडलेला. सहाव्या दिवशी गॅसवाला दारात टाकी घेऊन उभा आणि कोड गेला फ्रान्समधे खिशात ठेवलेल्या बंद सिमवर. टाकी परत गेली. वैनीनं चार दिवस चुलीवर केलं. जाण्याआधी महिनाभर हे सगळे नंबर बदलून घ्यायला पाहिजेत हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता पहिली मोठी भीती. सातव्या-आठव्या दिवशी सलग ३० तास त्याच्याकडनं काहीच आलं नाही. साडेबाराचा फोन नाही, मेसेज नाही, कुणाचाच नाही. दादा टेकावर दीड तास उभा राहिला. संध्याकाळी गावात कुणीतरी कुठल्यातरी बस अपघाताचा व्हिडिओ दाखवला, तो कुठल्या देशाचा, कधीचा, काही पत्ता नाही, पण वैनीनं ताट बाजूला सारलं. आम्ही संघाच्या प्रमुखांना २३ वेळा फोन केले. बाकी १५ घरांनीही केलेच असणार. खरं कारण असं निघालं की ते पहिल्या गावातनं दुसऱ्या गावाला बसनं निघाले होते, पोरांचे फोन उतरलेले, नव्या वसतिगृहाचं वायफाय चालू व्हायला दुसरा दिवस उजाडला आणि प्रमुख स्वतः मंचाच्या मागं सामान लावत होते. त्यांनी फोन बघितला तेव्हा त्यातली बॅटरी आमच्याच फोनांनी संपवलेली. मला त्यांचा राग आला नाही. १६ माणसं, ढोल, झांजा, परका मुलूख, त्यात १६ घरांना वेगवेगळं उत्तर द्यायचं कसं?

त्यावर उपाय केला तो आजही मी सगळ्यांना सांगते. ग्रुप आधीपासनं होता पण त्यात सुप्रभात, देवांचे फोटो, वाढदिवस, सगळा चिखल. त्या ग्रुपला सेटिंग केलं की फक्त ॲडमिननं लिहायचं. आणि प्रमुखांनी दिवसातनं एकदा, सकाळी, एकच ओळ टाकायची, "१६ जण, सगळे बरे." प्रवासाचा दिवस असेल तर त्यात एवढंच जास्त की आज बसमधे आहोत, उद्यापर्यंत फोन लागणार नाही. ही ओळ यायला लागल्यापासनं वैनी जेवायला लागली. तिला फ्रान्सचा फोटो नको होता, आयफेल टॉवर नको होता, तिला तो १६ आकडा पाहिजे होता.

आणि मग नवव्या दिवसाचं. हे सांगताना मला अजून बरं वाटतं. तिकडं दोन दिवस पाऊस झाला आणि ढोलाचं कातडं उतरलं. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. इथं आपण शेकोटीपुढं धरतो, तिकडं शाळेच्या वसतिगृहात जाळ कुठला करणार. बारक्यानं साडेबाराला फोन लावला तो रडवेला, "आण्णा, ढोल बोलंना." दादा म्हणाला, "वाजव बघू." तर फोनवर ढोल ऐकूच येईना! बारक्या जोर लावून वाजवतोय हे दिसतंय आणि आवाज मधेच कापला जातोय. नंतर माझ्या शेजारच्या पोरानं सांगितलं की कॉल हा माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो, बाकी आवाज तो गोंगाट धरून दाबून टाकतो. म्हणून मग आवाजी मेसेज करून पाठवायचं ठरलं, त्यात ढोल बऱ्यापैकी येतो. दादानं फोन कानाला लावून, डोळे मिटून, तो मेसेज चार वेळा ऐकला आणि म्हणाला, "काठीच्या बाजूला दोन दोऱ्या ढिल्या हायत, हाताची बाजू बरी हाय. हिटरपुढं धरू नगंस, कातडं तडकंल. खिडकीत कवळं ऊन येतंय का बघ, त्यात ठेव घटकाभर, मग एक सोडून एक दोरी वढ." बारक्यानं केलं तसं, परत आवाज पाठवला, परत दादानं सांगितलं. असं पाच-सहा वेळा, मेंढरं उठायची वेळ झाली तरी चाललं होतं. त्या दिवशी दोघांतल्या कुणी "जेवलास का" विचारलं नाही. आणि त्या आधीच्या आठ दिवसांत मिळून जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं त्या एका दुपारी झालं. माझं स्पष्ट मत आहे की लांब गेलेल्या पोराला आपली चौकशी एका मर्यादेपर्यंतच गोड लागते, पण आपल्याकडची एखादी विद्या त्याला तिकडं कामाला आली की तो स्वतःहून फोन करतो.

इथपर्यंत सगळं चांगलं. पुढची चूक माझी.

ते दिवस कृष्णेच्या पाण्याचे. सांगलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ ४० फूट झालं की इशारा आणि ४५ झालं की धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं बारक्याच्या डोळ्यापुढचं आहे, तेव्हा त्याचं वय आठ-दहा. तिकडं गेल्यापासनं तो मला रोज विचारायचा, "आत्ती, पाणी किती फूट?" कोयनेतनं विसर्ग वाढला आणि पाणी इशाऱ्याजवळ सरकायला लागलं तेव्हा मी त्याला लिहिलं, काही नाही, ओसरतंय. विश्रामबागला तसा धोका नव्हता, मग पोराला कशाला घोर लावायचा म्हणून. पण पाण्याची पातळी काय लपते का? त्यानं तिकडनं मोबाईलवर बघितली. मला काही बोलला नाही. पण तिथनं त्याला कळलं की आत्ती त्याला सगळं खरं सांगत नाही.

तेराव्या दिवशी आजी दारापुढच्या चिखलात पाय घसरून पडली. खुब्याजवळचं हाड मोडलं. कवठ्यातनं गाडी करून मिरजेला आणलं, दवाखान्यात दाखल केलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. ७० पार केलेली बाई, शुगर आहे. दादा, वैनी, मी, तिघं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं की बारक्याला सांगायचं नाही. दादा म्हणत होता सांगूया. मीच म्हटलं की शेवटच्या गावात त्यांचा मोठा कार्यक्रम आहे, पोरगं ढोलावर आहे, डोकं बिघडलं तर १६ जणांचं वाटोळं होईल, आल्यावर सांगू. शिकलेली म्हणून माझं ऐकलं दोघांनी.

त्याला पहिल्याच सकाळी शंका आली, कारण ओवी आली नाही. मी लिहिलं, आजी झोपलीय. दुसऱ्या दिवशी, आजीचा घसा बसलाय. साडेबाराचा फोन दादानं दवाखान्याच्या गच्चीवरनं घेतला, तर बारक्या विचारतोय, "आण्णा, मेंढरांचा आवाज कसा येईना?" ते ऐकून दादाला काय बोलावं ते सुचेना.

आणि त्याच संध्याकाळी नात्यातल्या एका पोरीनं स्टेटसला फोटो टाकला, कॉटवर आजी, हाताला सलाईन, खाली लवकर बरी हो आजी. तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बारक्यापासनं लपवायचंय. आम्ही तिघांनी गुपित ठरवलं आणि बाकी गोतावळ्याला विसरलो. बारक्यानं तो फोटो बघितला तिकडच्या दुपारी, कार्यक्रमाच्या आधी चार-पाच तास. मला फोन आला, मी उचलला तर पलीकडं नुसता श्वास. मग म्हणाला, "आत्ती, आजी हाय का गेली? खरं सांग." मी म्हटलं आहे, उद्या ऑपरेशन आहे. तो म्हणाला, "तू पाण्याचं पन खोटं सांगितलंस." आणि फोन ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलंय पण ते वाक्य अजून जात नाही डोक्यातनं. सांगितलं असतं तर त्याला दुःख झालं असतं, एवढंच. न सांगितल्यामुळं मी आजी जिवंत आहे म्हणत होते तरी त्याचा विश्वास बसायला तयार नव्हता.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं. संघप्रमुखांना सगळं कळवलं, म्हणजे पोराजवळ माहिती असलेलं एक तरी मोठं माणूस असावं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद, एक्स-रेचा फोटो, ऑपरेशन किती वाजता, किती तास, काय धोका, सगळं बारक्याला लिहिलं, गोड करून नाही. नर्सबाईंना विचारून आजीजवळ फोन नेला आणि व्हिडिओ लावला. आजीला दुखत होतं, तिनं ओवी वगैरे काही म्हटली नाही. ती म्हणाली, "पाय मोडलाय रं. त्वांड चालतंय." आणि विचारलं की ढोल नीट वाजतोय का. तो म्हणाला, "आण्णानं करून दिला नीट." मग दोघं गप्प. मी फोन धरून उभी, दोन-तीन मिनिटं तसंच. ठेव म्हणायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री त्यानं वाजवलं. प्रमुखांनी त्याला विचारलं होतं की नको असेल तर दुसऱ्याला उभा करतो, निर्णय तुझा. चुकला का, चांगलं झालं का, मला माहिती नाही आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी आत नेल्यावर, बाहेर आणल्यावर, शुद्धीवर आल्यावर, असे तीन मेसेज मी त्याला टाकले, वेळेसकट. तिन्हीला त्याचं एकच उत्तर, "बरं."

तो परत आला तेव्हा मुंबईहून घरी न जाता ढोलासकट थेट मिरजेला आला. आजीच्या कॉटशेजारी बसून तिला मोबाईलवरचं काय काय दाखवत होता, मला बघून उठला, पाया पडला, पण माझ्याशी मोकळं बोलायला त्याला पंधरा-वीस दिवस लागले. मी घाई केली नाही. एका रात्री जेवताना मीच म्हटलं की चुकलं माझं, दोन्ही वेळा चुकलं. तो म्हणाला, "आत्ती, मला तिथनं काय करता आलं नसतं ते मला बी माहिताय. पन मी घरातला हाय का न्हाय?"

आजी आता काठी घेऊन चालते. गॅस आणि बँकेचा नंबर वैनीच्या फोनवर घेतलाय. संघाला परत कुठनं तरी विचारणा आलीय, देश अजून पक्का नाही. बारक्यानं वहीच्या पानावर घरासाठी कागद केलाय, फोनची वेळ मोकळी सोडलीय कारण देशावर ठरणार, ग्रुपची रोजची ओळ, कुणाचा फोन नाही लागला तर कुणाला लावायचा, तिकडचा ११२ नंबर, पासपोर्टची झेरॉक्स घरात कुठल्या डब्यात आहे ते. सगळ्यात वर, निळ्या पेनानं, अधोरेखित करून लिहिलंय, "घरात काय झालं तर त्याच दिवशी सांगायचं. पाणी सुद्धा." खाली दादाची सही घेतलीय, वैनीची घेतलीय, आजीचा अंगठा घेतलाय आणि माझी सही त्यानं सगळ्यात आधी घेतली.